मद्यपी वाहनचालकांवरील कायद्याची अंमलबजावणी : मर्यादा ठरवण्यापासून परवाना परत देईपर्यंत

दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला न्यायालयात पडतो, तेव्हा आरोपी प्यायलेला होता की नाही, हा प्रश्न पुष्कळदा चर्चेलाही येत नाही. यंत्राच्या तपासणीची मुदत उलटून गेलेली असते, रक्ताच्या बाटलीवरचे सील आणि कागदावरचा सीलचा ठसा जुळत नाही, किंवा चालकाला अडवल्याची वेळ आणि त्याने यंत्रात फुंकल्याची वेळ यांच्यामधल्या चाळीस मिनिटांचा हिशेब कोणालाच देता येत नाही. अशा निकालानंतर शिक्षा वाढवण्याची मागणी होते, विधिमंडळ ती मान्य करते आणि पुढच्या वर्षी त्याच कारणांनी तसाच खटला पुन्हा पडतो. हा लेख कायदा राबवणारे अधिकारी, धोरण आखणारे आणि रस्ते-सुरक्षेसाठी धडपडणारे नागरिक यांच्यासाठी आहे. पकडले जाण्याची खात्री आणि शिक्षेचा वेग या दोन गोष्टी शिक्षेच्या मोठेपणापेक्षा कितीतरी अधिक जीव वाचवतात, अशी माझी ठाम धारणा आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच धारणेवर उभी आहे.

पहिली पायरी : मर्यादा आकड्यात लिहिणे

जुन्या कायद्यांमध्ये ‘मद्याच्या अमलाखाली’ असे मोघम शब्द असत. पोलिसाने चालकाला सरळ रेषेत चालायला लावायचे, डॉक्टरने जीभ अडखळते का ते पाहायचे आणि न्यायाधीशाने दोघांच्या वर्णनावरून अंदाज बांधायचा, असा तो प्रकार होता. सरावलेला मद्यपी या कसोट्यांतून सहज निसटतो, कारण पाय न लडखडू देण्याची सवय त्याने अंगी बाणवलेली असते. त्याची प्रतिक्रिया मात्र तितकीच मंद झालेली असते. नॉर्वेने १९३६ साली रक्तातील अल्कोहोलची मर्यादा थेट कायद्यात घातली आणि आकडा ओलांडला की गुन्हा पूर्ण झाला, असे ठरवले. ब्रिटनने १९६७च्या रस्ते सुरक्षा कायद्याने हाच मार्ग धरला. अंमलबजावणीची सगळी इमारत या एका आकड्यावर उभी राहते, म्हणून तो निःसंदिग्ध असला पाहिजे.

आकडा किती असावा, यावर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे : सर्वसाधारण चालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आणि तरुण किंवा नवशिक्या चालकासाठी २० मिलिग्रॅम. स्वीडनने १९९० पासून सर्वांसाठीच २० ची मर्यादा ठेवली आहे. भारताच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये ती ३० आहे. इंग्लंडमध्ये अजून ८० आहे, तर स्कॉटलंडने २०१४च्या डिसेंबरात ती ८० वरून ५० वर आणली. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी केलेल्या आणि १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अपघात झालेल्या चालकांची त्याच ठिकाणाहून तशाच वेळी जाणाऱ्या इतर चालकांशी तुलना केली होती. ८० च्या पुढे अपघाताचा धोका झपाट्याने चढतो, असे त्यातून दिसले. पुढच्या संशोधनाने ५० च्या आतही नजर, लक्ष आणि निर्णय यांवर परिणाम होतो हे दाखवून दिले, त्यामुळे आज ८० चे समर्थन करणे मला तरी कठीण वाटते.

मसुदा लिहिताना एक बारकावा हमखास सुटतो. रस्त्यावर मोजला जातो तो श्वास आणि कायद्यात लिहिलेले असते ते रक्त. श्वासाच्या आकड्यावरून रक्ताचा आकडा काढण्यासाठी बहुतेक ठिकाणी २१०० हे गुणोत्तर वापरतात, ब्रिटनमध्ये २३०० वापरतात, आणि प्रत्यक्षात ते माणसामाणसात आणि वेळेनुसार बदलते. रक्ताची एकच मर्यादा लिहिली, की ‘माझे गुणोत्तर वेगळे आहे’ हा बचाव कायमचा उघडा राहतो आणि प्रत्येक खटल्यात तज्ज्ञांची जुगलबंदी सुरू होते. यावरचा उपाय सोपा आहे : श्वासासाठी स्वतंत्र मर्यादा कायद्यातच लिहावी. इंग्लंडच्या कायद्यात रक्तातले ८० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर श्वासातले ३५ मायक्रोग्रॅम आणि लघवीतले १०७ मिलिग्रॅम अशा तीन मर्यादा एकमेकींशेजारी दिलेल्या आहेत. त्यांपैकी एक ओलांडली तरी गुन्हा सिद्ध होतो.

दुसरी पायरी : थांबवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार

संशय आल्याशिवाय तपासणी करता येणार नाही, असे कायदा म्हणत असेल, तर गाडी सरळ चालवणारा मद्यपी चालक कायद्याच्या बाहेरच राहतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकाला, कुठेही, केव्हाही, कारण न सांगता श्वास तपासणीसाठी थांबवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. कॅनडाने २०१८च्या डिसेंबरात असाच अधिकार आणला. अमेरिकेत १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तपासणी-नाके घटनेत बसतात असा निर्णय दिला, तरी तिथल्या काही राज्यांनी स्वतःच्या कायद्यांमुळे ते वापरणे टाळले आहे. आपल्या कायद्यात हा अधिकार नेमका कोणत्या कलमाने मिळतो, कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याला मिळतो आणि गणवेश सक्तीचा आहे का, हे अंमलबजावणी सुरू करण्याआधी एका पानावर लिहून प्रत्येक पथकाच्या हाती द्यावे.

तपासणीला नकार देणे हा स्वतंत्र गुन्हा असला पाहिजे आणि त्याची शिक्षा मद्यपानाच्या गुन्ह्याइतकीच असली पाहिजे. ती कमी असेल, तर ज्याने सर्वांत जास्त घेतलेली आहे आणि ज्याचा वकील सर्वांत हुशार आहे, तोच नकार देईल. नकार नोंदवतानाही पद्धत लागते : मागणी कोणत्या शब्दांत केली, परिणाम समजावले का, किती वेळा संधी दिली आणि प्रत्येक वेळी चालक काय म्हणाला, हे त्याच्याच शब्दांत टिपावे. ‘सहकार्य केले नाही’ एवढे मोघम वाक्य उलटतपासणीत टिकत नाही. अर्धवट फुंकणे, नळी ओठांत धरून श्वास बाहेर न सोडणे, खोकल्याचे निमित्त करणे हेही प्रसंगी नकारातच मोडते, मात्र दमा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्या माणसाला खरोखरच पुरेसे फुंकता येत नाही. त्याला रक्ततपासणीचा पर्याय देणे हे न्यायाचे आहे आणि खटल्याच्या दृष्टीने शहाणपणाचेही आहे.

तिसरी पायरी : नाकाबंदीची आखणी

एका रात्रीत शेकडो गाड्या तपासून चारच चालक सापडले, तर रात्र वाया गेली असे वरिष्ठांना वाटते आणि इथूनच घसरण सुरू होते. पुढच्या वेळी पथक दारूच्या दुकानाच्या वळणावर दबा धरून बसते, वीस जणांना पकडते आणि आकडे सुधारतात. पण त्या शेकडो चालकांनी नाका पाहिलेला असतो, घरी आणि कामाच्या ठिकाणी त्याविषयी सांगितलेले असते आणि पुढच्या वेळी ग्लास उचलण्याआधी त्यांच्या मनात ‘आज परत असला तर?’ हा प्रश्न येणार असतो. दबा धरून बसलेल्या पथकामुळे हा प्रश्न फक्त वीस जणांच्या मनात येतो. न्यू साउथ वेल्समध्ये १९८२ नंतर मृत्यूंमध्ये जी मोठी घट झाली आणि टिकली, तिच्यामागे हेच तत्त्व होते. नाका ठळक असावा, दिवे लांबून दिसावेत आणि परवानाधारकांच्या संख्येच्या तुलनेत तपासण्यांची संख्या भरघोस असावी. वर्षाला सरासरी प्रत्येक परवानाधारकामागे एक तपासणी, हे उद्दिष्ट ऑस्ट्रेलियात मापदंड म्हणून वापरले गेले आहे. इतके मनुष्यबळ नसेल, तर निदान वर्षाला किती तपासण्या करायच्या हे आधी जाहीर करून ती संख्या गाठावी.

जागा निवडताना चालकाला नाका पुरेसा आधी दिसेल, पण दिसल्यावर बिनबोभाट वळून जाता येणार नाही, अशी जागा शोधावी. वळणाच्या लगेच पुढे, चढाच्या माथ्यावर किंवा पुलाच्या तोंडाशी नाका कधीही लावू नये, कारण मागून येणारा मद्यपी चालक रांगेत घुसला तर रस्ता सुरक्षित करायला निघालेल्या पथकाच्याच हातून जीव जातात. वेग टप्प्याटप्प्याने कमी करणारे फलक, परावर्तक शंकू निमुळते होत जातील अशी मांडणी, पुरेसा उजेड आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अंगावर परावर्तक जाकीट या गोष्टींत काटकसर चालत नाही. रांग ठरावीक लांबीच्या पुढे गेली की काही मिनिटे सर्व गाड्या सोडून द्याव्यात आणि त्या वेळेची नोंद ठेवावी.

कोणती गाडी थांबवायची, हे रस्त्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर ठेवू नये. सर्व गाड्या, किंवा प्रत्येक पाचवी गाडी, असा क्रम पथकप्रमुखाने आधी लिहून द्यावा. यामुळे ओळखीच्या माणसाला सोडण्याचा आणि नावडत्या माणसाला छळण्याचा, असे दोन्ही आरोप मुळातच खुंटतात. बाजूच्या गल्ल्यांमध्ये एक-दोन फिरती पथके ठेवावीत, कारण नाक्याची बातमी फोनवरून आणि नकाशाच्या ॲपवरून काही मिनिटांत पसरते. बातमी पसरली म्हणून चिडण्याचे कारण नाही. नाका तासाभराने दुसरीकडे हलवला, की जुनी बातमी निरुपयोगी होते आणि ‘आज सगळीकडेच आहेत’ असा समज आपोआप पसरतो.

वेळ निवडताना फक्त शनिवारची रात्र धरू नये. शरीर अल्कोहोल साधारणपणे तासाला १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅम या गतीने बाहेर टाकते आणि कॉफी, गार पाणी, झोप किंवा व्यायाम यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. मध्यरात्री १५० वर असलेला माणूस सात तास झोपून सकाळी ७ वाजता गाडीत बसला, तर त्याच्या रक्तात अजून साधारण ४५ मिलिग्रॅम असतात. डोके जड नसते, तोंडाला वास येत नाही, आपण ठीक आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते आणि शेजारच्या आसनावर शाळेत निघालेले मूल असते. महिन्यातून दोन-तीन सकाळी लावलेला नाका या चालकांपर्यंत पोहोचण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग आहे.

चौथी पायरी : गाडीच्या खिडकीपाशी

प्राथमिक तपासणीला एक मिनिटही लागता कामा नये. काच खाली करायला सांगावे, नमस्कार करून तपासणी सर्वांची चालू आहे हे सांगावे आणि यंत्र पुढे धरावे. काही ठिकाणी विजेरीच्या आकाराचे यंत्र वापरतात, ज्याच्या तोंडाजवळ बोलले तरी हवेतल्या अल्कोहोलचा अंदाज येतो. गर्दीच्या नाक्यावर ते फार उपयोगी पडते. नळीचे यंत्र असेल, तर प्रत्येक माणसासाठी नवी नळी चालकाच्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढावी. ही गोष्ट आरोग्याची आहेच, शिवाय ‘नळी आधीच्या माणसाची होती’ हा बचावही त्याने संपतो.

हातात मावणारी बहुतेक यंत्रे इंधन-घटाच्या तत्त्वावर चालतात : श्वासातल्या अल्कोहोलचे घटात ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निर्माण होणारी वीज मोजली जाते. ती विश्वासार्ह असतात, पण थंडीत आणि बॅटरी उतरल्यावर त्यांचा भरवसा कमी होतो, म्हणून पथकाकडे किमान एक राखीव यंत्र असावे.

चालक अडखळत बोलत असेल, घामाने भिजला असेल आणि यंत्र शून्य दाखवत असेल, तर तो नाटक करतो आहे असे गृहीत धरू नये. मधुमेहात रक्तातली साखर एकदम खाली गेली, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा डोक्याला मार लागला, तर माणूस हुबेहूब झिंगल्यासारखा दिसतो. अशा माणसाला कोठडीत ‘उतरेपर्यंत’ बसवून ठेवल्याने त्याचा जीव जाऊ शकतो. शून्य आकडा आणि बिघडलेली शुद्ध, हे दोन्ही एकत्र दिसले की पहिला फोन रुग्णवाहिकेला जावा. आकडा मर्यादेच्या वर असला, तरी शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला हाच नियम लागू आहे.

पाचवी पायरी : न्यायालयात टिकणारा पुरावा

रस्त्यावरची तपासणी ही चाळणी आहे. पुराव्याची तपासणी वेगळी असते आणि ती वेगळ्या शिस्तीने करावी लागते. नुकताच घोट घेतलेला असेल, ढेकर किंवा उलटी झाली असेल, किंवा अल्कोहोल असलेल्या द्रवाने चूळ भरली असेल, तर तोंडातले अल्कोहोल यंत्राला फसवते आणि आकडा खोटा फुगतो. ते साधारण १५ मिनिटांत नाहीसे होते. म्हणून पुराव्याच्या तपासणीआधी चालकाला १५ मिनिटे सलग नजरेसमोर बसवावे आणि त्या काळात त्याला खाणे, पिणे, धूम्रपान करू देऊ नये. हे एका खुर्चीचे, एका घड्याळाचे आणि एका जबाबदार कर्मचाऱ्याचे काम आहे. तो कर्मचारी मध्येच फोन घ्यायला बाहेर गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी, आणि तसे केल्याची नोंदही करावी. चालकाला उलटी झाली, तरी तसेच. पंधरा मिनिटांची ही वाट कंटाळवाणी असते, पण मी म्हणेन की साऱ्या प्रक्रियेत इतक्या स्वस्तात इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशानेही मिळत नाही.

त्यानंतर दोन नमुने घ्यावेत आणि त्यांपैकी कमी आकडा ग्राह्य धरावा. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर दोन्ही बाद करून रक्ताकडे वळावे. प्रत्येक तपासणीआधी यंत्राने स्वच्छ हवेवर शून्य दाखवले, आणि ज्ञात प्रमाणाच्या वायूवर किंवा ३४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्रावणाच्या वाफेवर अपेक्षित आकडा दाखवला, हे छापील पावतीवर आले पाहिजे. मोजमापात अनिश्चितता असतेच, ती मान्य करून खटला भरण्याची रेषा थोडी वर आखावी. इंग्लंडमध्ये श्वासाची मर्यादा ३५ असूनही ४० च्या खाली सहसा खटला भरला जात नाही. अशी सूट दिल्याने कायदा मऊ होत नाही. सीमारेषेवरचे वादग्रस्त खटले कमी होतात आणि उरलेले खटले पक्के होतात.

रक्ताचा नमुना घ्यायचा असेल, तर त्वचा पुसण्यासाठी स्पिरिट वापरू नये. अल्कोहोल नसलेले जंतुनाशक वापरावे आणि ते कोणते होते हे लिहावे. सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट घातलेल्या बाटलीत रक्त घ्यावे. पहिल्यामुळे जंतूंकडून होणारे आंबणे थांबते आणि दुसऱ्यामुळे रक्त गोठत नाही. बाटली लगेच हलक्या हाताने उलटसुलट करावी, नाहीतर हे पदार्थ तळाशीच राहतात. दोन बाटल्या भराव्यात, एक प्रयोगशाळेसाठी आणि दुसरी चालकाला स्वतंत्र तपासणी करून घ्यायची असल्यास त्याच्यासाठी. सील लावताना चालकाची सही घ्यावी, बाटली शीतपेटीत ठेवावी, आणि तिथून प्रयोगशाळेपर्यंत ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती, किती वाजता गेली, याची अखंड साखळी एकाच नोंदपत्रावर असावी. प्रयोगशाळेत वायू वर्णलेखन पद्धतीने, म्हणजे नमुन्यातले घटक वायुरूपात वेगळे करून, तपासणी होते आणि ती अत्यंत अचूक असते. साखळीतली एक सही राहिली, तर ही सारी अचूकता वाया जाते.

सहावी पायरी : घड्याळाशी स्पर्धा

पुरावा दर मिनिटाला चालकाच्या शरीरातून बाहेर पडत असतो. नाक्यावर ६० असलेला चालक दोन तासांनी रुग्णालयाच्या बाकावर साधारण ३० वर आलेला असतो आणि डॉक्टर आणखी एका रुग्णात गुंतलेले असतात. म्हणून कायद्यातच वेळेची मर्यादा आणि वेळेचे गृहीतक असावे. भारतात कलम २०२ नुसार अटक केलेल्या चालकाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडून द्यावे लागते. ब्रिटनच्या कायद्यानुसार, गाडी चालवताना आकडा नंतरच्या नमुन्यापेक्षा कमी नव्हता, असे न्यायालय गृहीत धरते. मागे हिशेब करून मूळ आकडा काढता येतो, पण शेवटचा घोट केव्हा घेतला हे ठाऊक नसेल, तर रक्तात अल्कोहोल अजून चढत होते की उतरायला लागले होते, हे सांगता येत नाही. त्यामुळे हा हिशेब तज्ज्ञावर सोपवावा. पथकाने त्यावर विसंबून राहू नये.

अपघातानंतर पळून जाऊन घरी सापडलेला चालक ‘घाबरून घरी आल्यावर प्यायलो’ असे सांगतो. त्यावर उतारा म्हणजे नंतर प्यायल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी चालकावर टाकणारे कलम, आणि ते नसेल तर तत्काळ केलेली घराची पाहणी : बाटली कुठे आहे, किती रिकामी आहे, ग्लास ओला आहे का, घरातले लोक काय सांगतात.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. गाडी दिसली, थांबवली, प्राथमिक तपासणी झाली, ताब्यात घेतले, निरीक्षणाची मिनिटे सुरू झाली, पुराव्याचे दोन नमुने घेतले, या प्रत्येक टप्प्याची वेळ एकाच घड्याळावरून घ्यावी. पथकातल्या चौघांची घड्याळे चार वेळा दाखवत असतील, तर बचावाच्या वकिलाला आणखी काही लागत नाही.

लाचेची शक्यता यंत्रानेच बंद करावी. प्रत्येक फुंकरीला आपोआप क्रमांक, वेळ आणि ठिकाण मिळावे, आणि ती नोंद पथकाला पुसता न येईल अशा जागी लगेच जावी. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारावा : २१४ नंतर थेट २१६ कसा आला? अंगावरचे कॅमेरे चालू असतील, तर त्याचे उत्तर लवकर मिळते, आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याचेही खोट्या आरोपापासून रक्षण होते.

सातवी पायरी : शिक्षा लवकर पोहोचवणे

न्यायालयाचा निकाल यायला दोन वर्षे लागत असतील, तर त्या दोन वर्षांत चालक गाडी चालवतच राहतो आणि शिक्षेचा गुन्ह्याशी असलेला संबंध त्याच्या मनातून पुसला जातो. म्हणून परवाना तात्काळ निलंबित करण्याचा प्रशासकीय अधिकार हे या सगळ्यातले सर्वांत परिणामकारक हत्यार आहे, असे मला वाटते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१० मध्ये रस्त्यावरच चालवण्याची बंदी घालण्याची आणि गाडी ताब्यात घेण्याची पद्धत सुरू केली आणि त्यानंतर मद्यपानामुळे होणाऱ्या जीवघेण्या अपघातांत मोठी घट झाली. अशा अधिकारासोबत दाद मागण्याचा जलद मार्ग द्यावाच लागतो : ठरावीक दिवसांत सुनावणी, यंत्राच्या नोंदी मिळण्याचा हक्क आणि लेखी निर्णय. त्या प्रांतातही न्यायालयाने दाद मागण्याची तरतूद अपुरी ठरवली आणि कायदा दुरुस्त करावा लागला.

दंडाची रक्कम सर्वांना सारखी असेल, तर एकाचा महिन्याचा किराणा जातो आणि दुसऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. फिनलंडमध्ये दंड दिवसाच्या उत्पन्नाच्या पटीत आकारला जातो, त्यामुळे त्याचा भार दोघांनाही सारखाच जाणवतो. शिक्षेच्या पायऱ्या आकड्यानुसारही असाव्यात. त्याच देशात ५० ला गुन्हा सुरू होतो आणि १२० पासून तो गंभीर ठरतो. व्यावसायिक चालक, गाडीत मूल असणे, आधीची शिक्षा आणि निलंबित परवान्यावर चालवणे, यांसाठी वाढीव तरतूद हवी.

जपानने आणखी एक पाऊल टाकले. २००६ साली फुकुओका येथे मद्यधुंद चालकाच्या धडकेने एका कुटुंबाची गाडी समुद्रात पडली आणि तीन लहान मुले दगावली. त्यानंतर २००७ मध्ये शिक्षा वाढवताना, चालकाला गाडी देणारा, त्याला दारू पाजणारा आणि तो प्यायलेला आहे हे ठाऊक असूनही त्याला न्यायला सांगून गाडीत बसणारा, या सर्वांना कायद्याच्या कक्षेत आणले गेले. गाडीची किल्ली मागून घेण्याची वेळ येते तेव्हा टेबलाभोवती बसलेल्या मित्रांना त्यामुळे बोलण्याचे कारण मिळते, आणि म्हणून ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

तुरुंगवासाविषयी माझे मत संमिश्र आहे. कोणाचा जीव गेला असेल किंवा माणूस वारंवार तेच करत असेल, तर तो अटळ आहे. पण पहिल्याच गुन्ह्याला लांब कैद ठेवली, की न्यायाधीश दोषी ठरवायला कचरतात, आरोपी प्रत्येक तारखेला झगडतो आणि शिक्षेचा वेग मंदावतो.

आठवी पायरी : पुन्हा पुन्हा सापडणारा चालक

दुसऱ्यांदा सापडलेला माणूस बहुधा व्यसनाच्या विळख्यात असतो आणि केवळ भीतीने तो बदलत नाही. शिक्षेसोबत व्यसनाची तपासणी सक्तीची करावी. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी काही मिनिटांत होते आणि कोणाला सल्ला पुरेल, कोणाला उपचार लागतील, याचा पहिला अंदाज देते.

गाडीत बसवायचे श्वास-कुलूप हे दुसरे साधन आहे. चालकाने नळीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, मध्येच पुन्हा फुंकावे लागते आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद राहते. कुलूप गाडीत असेपर्यंत गुन्हे चांगलेच घटतात, काढले की पुष्कळांच्या बाबतीत पुन्हा मूळ पदावर येतात. त्यामुळे ते ठरावीक तारखेला काढू नये. शेवटचे काही महिने एकही अयशस्वी फुंकर नसेल, तरच काढावे. युरोपीय संघाने २०२४ च्या जुलैपासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांमध्ये असे कुलूप जोडण्याची सोय असणे बंधनकारक केले आहे.

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याने २००५ मध्ये वेगळीच वाट धरली. वारंवार पकडल्या गेलेल्यांना गाडी चालवायची परवानगी ठेवली, पण रोज सकाळ-संध्याकाळ श्वास तपासून घेण्याची अट घातली. आकडा आला की त्याच क्षणी एक-दोन दिवसांची कैद, वर्षभराची नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या तालुक्यांत हा कार्यक्रम होता तिथे पुन्हा मद्यपान करून चालवल्याबद्दलच्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसाचाराच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. दारू सुटते तेव्हा रस्त्याइतकेच घरही सुरक्षित होते, हे त्या दुसऱ्या आकड्यात दिसते.

निलंबन संपण्याच्या दिवशी परवाना खिडकीतून नुसता हातात ठेवू नये. दंड भरला का, उपचाराचे टप्पे पूर्ण झाले का, निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडला होता का, हे तपासून मगच तो द्यावा आणि पहिल्या काही वर्षांसाठी त्याची मर्यादा शून्याजवळ ठेवावी.

नववी पायरी : परिणाम मोजणे आणि टिकवणे

दाखल गुन्ह्यांची संख्या हे यशाचे माप होऊ शकत नाही. ती वाढली तर लोक जास्त पितात की पोलीस जास्त तपासतात हे कळत नाही, आणि पथकाला गुन्ह्यांचे उद्दिष्ट दिले की ते आकडे गोळा करू लागते. त्याऐवजी ठरावीक क्रमाने थांबवलेल्या चालकांपैकी शेकडा किती मर्यादेच्या वर होते, जीवघेण्या अपघातातील प्रत्येक चालकाची तपासणी झाली का, रात्री एकट्या गाडीचे गंभीर अपघात किती झाले, नकारांचे प्रमाण किती आणि पकडल्यापासून निकालापर्यंत किती दिवस गेले, हे दर तिमाहीला पाहावे. अपघातात जीव गमावलेल्यांच्या कुटुंबाला खटल्याच्या प्रत्येक टप्प्याची तारीख कळवली गेली का, ही नोंदही याच तक्त्यात असावी, कारण तारीख कळवायला पैसे लागत नाहीत आणि न कळवल्याची जखम वर्षानुवर्षे भरत नाही.

ब्रिटनमध्ये १९६७ नंतर अपघात झपाट्याने कमी झाले, कारण आता पकडले जाणारच असे लोकांना वाटले. प्रत्यक्षात तपासण्या थोड्याच होत होत्या आणि काही वर्षांत लोकांच्या ते ध्यानात आले, तसा परिणाम ओसरत गेला. न्यू साउथ वेल्सने तपासण्यांची संख्या वर्षानुवर्षे चढी ठेवली आणि तिथली घट टिकली. म्हणून चालू वर्षाचे घटलेले आकडे पत्रकारांपुढे ठेवण्याआधीच पुढच्या वर्षाच्या नाक्यांचे वेळापत्रक, यंत्रांच्या तपासणीच्या तारखा आणि त्यासाठीची आर्थिक तरतूद मंजूर झालेली असावी.